समुद्रकाकूंचा व्हॉल्व्ह

कानाच्या डॉक्टरांना दवाखान्यात समुद्र कशाला हवा, असं कुणीही विचारेल. पण हौसेला मोल नसतं, आणि हौस डॉक्टरांच्या बायकोची होती. वेटिंग रूमच्या आतल्या भिंतीला लागून माणूस पाय पसरून झोपेल एवढी काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, जिवंत प्रवाळ आणि त्यांच्यातून हिंडणारे चार मासे. आणि भिंतीच्या पलीकडे काय, तर कान तपासायची खोली! तिथे पेशंट हेडफोन लावून बसतो आणि बारीकशी पिप् ऐकू आली की बटण दाबतो. अशा खोलीला पाण्याची टाकी चिकटवणं म्हणजे अकलेचं दिवाळंच. पण जागा तेवढीच होती, आणि बायकोपुढे डॉक्टरांचं काही चालत नव्हतं.

टाकी आवाज करायची. साधासुधा नाही, नरडं खाकरल्यासारखा. एका आजीबाईंनी म्हणे टाकीच्या प्रत्येक घुडुकला इमानेइतबारे बटण दाबलं, आणि डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, काय तल्लख कान आहेत! टाकी सांभाळायला येणारे एकामागून एक पळाले. शेवटचा तर जमिनीवर पाण्याचं तळं करून गेला तो गेलाच.

त्या तळ्याच्या दिवशी काकू कानातला मळ काढायला म्हणून आल्या होत्या. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्यात आणि द्रावणं मोजून देण्यात निम्मं आयुष्य गेलेली बाई, तेव्हा नुकतीच ती नोकरी सुटलेली. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसून रडत होत्या, मासे उताणे व्हायच्या बेतात होते. काकूंनी पर्स शेजारच्या पेशंटच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला आणि फरशी पुसायला घेतली. मळ काढायचा राहिला तो राहिलाच. पुढल्या आठवड्यापासून त्या तिथल्याच झाल्या, आणि कुणीतरी त्यांना समुद्रकाकू म्हणायला लागलं.

आता त्या टाकीचं काम काय असतं ते थोडक्यात सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं रडगाणं कळायचं नाही. टाक्या दोन. एक वरची, दिसायची. दुसरी तिच्या खाली कपाटात, गाळण्याबिळण्यांची. वरच्या टाकीचं पाणी काठावरून मागच्या अरुंद कप्प्यात सांडतं, तिथून पाइपातून खाली उतरतं, आणि खालचा पंप तेच पाणी परत वर चढवतो. जेवढं चढेल तेवढंच उतरलं पाहिजे. कमी उतरलं तर वरून सांडणार, जास्त उतरायला लागलं तर पाइप पाण्याबरोबर हवा ओढून घोरायला लागणार. म्हणून उतरत्या पाइपावर एक व्हॉल्व्ह असतो. तो केसभर इकडे, केसभर तिकडे करत असा बसवायचा, की पाइप पाण्याने गच्च भरलेला राहील आणि हवेला शिरायला फट उरणार नाही. मग आवाज नाही. जिथे पाणी गच्च तिथे गप्प, असं काकू म्हणायच्या.

एवढ्यावरही भागत नाही. शेजारी दुसरा पाइप असतो, त्यातून चुकून वर राहिलेलं थोडंसं पाणी ओघळतं. आणि तिसरा नुसता उभा, कोरडा ठणठणीत. हा तिसरा म्हणजे घरातला तो काका, ज्याला वर्षभर कुणी विचारत नाही, पण अडीअडचणीला तोच धावून येतो. पहिला पाइप तुंबला तर सगळं पाणी हाच गिळणार. त्याला कुणी हात लावलेला काकूंना खपायचं नाही. एकदा झाडू मारणाऱ्या बाईने धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडावर फडकं कोंबलं, तेव्हा काकूंनी तिला असं काही फैलावर घेतलं की कान तपासणारे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “काकू, आतल्या पेशंटला ऐकू आलं. बहिरेपणाची केस होती.”

पण सगळ्याचं मूळ पंपात. पंपाचा जोर आधी ठरवायचा आणि मग त्याला विसरून जायचं. जोर बदलला की व्हॉल्व्हचं सगळं गणित बोंबललं. काकूंचा जुना पंप एकाच जोराने चालायचा, बिचारा बैलासारखा. त्याच्याशी काकूंचा हात असा बसला होता की सकाळी आल्यावर दोन बोटांनी व्हॉल्व्हला नुसतं विचारल्यासारखं करायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि झालं. पलीकडच्या खोलीत पिप् पिप् सुरू, अलीकडे समुद्र मुका. अंगठ्याएवढ्या तुकड्यांतून त्यांनी वाढवलेले प्रवाळ आता ताटाएवढे पसरले होते. पेशंट नंबर लागला तरी उठायचे नाहीत. काकूंना विचाराल तर आयुष्यात आपल्याला एकच गोष्ट धड येते, ती ही, असंच त्या सांगायच्या. आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची, झाली तर काय बिघडलं?

घरी मात्र या समुद्राचं कौतुक शून्य. काका लिफ्ट तपासणीच्या खात्यात होते. दोर, ब्रेक, वजन, सही. सावध माणूस, दाराची कडी तीनदा बघणारा. वाईट नाही, पण बायको दिवसभर काय करते हे त्यांनी कधी विचारलं असेल तर शपथ. काकूंनी काही सांगायला घेतलं की “हं” म्हणायचे, आणि ते “हं” सुद्धा वर्तमानपत्राच्या आडून.

मग काका निवृत्त झाले. पहिला महिना कपाटं लावण्यात गेला, दुसरा लावलेली कपाटं परत लावण्यात. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. दुपारी घर खायला उठायचं. ते म्हणायचे, “आता पुरे कर की. माझं झालं, तुझंही होऊ दे. दोघं मिळून हिंडू, फिरू.” काकू म्हणायच्या, “बघू वर्षभरात.” वर्ष सरायचं, आणि काकू पुन्हा म्हणायच्या, “बघू.”

आणि मग एक चमत्कारच झाला म्हणा. काका विचारायला लागले. संध्याकाळी काकू चप्पल काढतात न काढतात तोच चहाचा कप पुढे करून, “आज काय केलंस?” काकूंना आधी वाटलं, बरं नाही की काय यांना! पण नाही, काका खरंच विचारत होते. पाणी कुठून सांडतं, व्हॉल्व्ह किती फिरवतेस, पंपाचा जोर वाढला तर काय होतं, कमी झाला तर काय, तिसऱ्या पाइपातून पाणी केव्हा जायला लागतं. एकदा तर कागदावर चित्र काढून मागितलं. काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या चहा गार होईपर्यंत सांगत बसायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा पहिल्यांदा आपल्याला काहीतरी येतं असं समजून ऐकत होता. मुलीला फोन करून म्हणाल्या, “तुझ्या बाबांना आता कुठे बायको दिसायला लागली गं.” मुलगी हसली, पण जरा उशिरा हसली. काकूंच्या ते लक्षात आलं नाही.

वाढदिवसाला काकांनी नवीन पंप आणून दिला. साडी नाही, भांडं नाही, पंप! जुना थकलाच होता. नवा इंटरनेटला जोडलेला, कुठूनही फोनवरून चालणारा. जोर कमी-जास्त करायचा तर बोट फिरवायचं, बस. काकूंना फोनच्या भानगडी जमत नसत. काका म्हणाले, “तुझ्या फोनवर कशाला? मी माझ्यावर घेतो. एकदा जोर ठरवून दिला की तुला बघायलाच नको.” काकू रिसेप्शनवरच्या मुलीला पंप दाखवत म्हणाल्या, “आमच्या यांनी दिला.” दिवसभर ज्याला त्याला हेच.

त्यानंतर टाकी बिथरली.

काकू व्हॉल्व्ह बसवून घरी जायच्या तेव्हा सगळं शांत. दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर पाइप घोरतोय. केसभर आवळावं, शांत. पुढल्या दिवशी उलटंच, मागच्या कप्प्यात पाणी वर चढलेलं आणि दुसऱ्या पाइपात तोंड उघडं ठेवलेल्या नळासारखी धार. केसभर सैल करावं, शांत. पुन्हा उद्या घोरणं. कान तपासायच्या खोलीतून निरोप यायला लागले. रिसेप्शनवरची मुलगी कानकोंडी होऊन म्हणायची, “काकू, आज पण.” काकूंनी पाइप उतरवून धुतले, गोगलगाय शिरलीय का बघितलं, सांधे तपासले, व्हॉल्व्ह नवा आणून बसवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

मग माणूस जिथे जातो तिथे त्याही गेल्या, स्वतःवर. माझाच हात गेला. माझ्याच कानांना कळेनासं झालंय. रात्री जेवताना बोटांकडे बघत बसायच्या. काका मायेने म्हणायचे, “अगं, वय होतंच की माणसाचं. त्यात काय लाजायचं? किती दिवस ओढशील?” आणि आपल्या हाताने त्यांच्या बोटांना तेल चोळून द्यायचे. काकूंचे डोळे भरून यायचे. म्हणायच्या, “तुम्ही आहात म्हणून.”

शेवटी काकूंनी डॉक्टरांना सांगितलं, “माझे कान तपासा.” स्वतः हेडफोन लावून त्या खोलीत बसल्या, जिच्यासाठी इतकी वर्षं पाण्याला गप्प बसवलं होतं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. म्हणाले, “काकू, तुमचे कान माझ्यापेक्षा तरुण आहेत.” दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. काकू बाहेर येऊन रडल्या. कान ठीक आहेत तर मग डोक्यातच काहीतरी बिघडलंय, असं त्यांनी धरलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांना म्हणाल्या, “दुसरं कुणी बघा. महिनाअखेर मी सोडते.” डॉक्टरांनी नाइलाजाने एका कंपनीशी बोलून ठेवलं. कंपनीचा माणूस येऊन टाकीकडे बघून म्हणाला, हे प्रवाळ काढून प्लास्टिकचे लावू, कटकट नाही. काकू त्यावर काही बोलल्या नाहीत. ज्याचा हात गेला त्याने कशाच्या जोरावर बोलायचं?

महिना संपत आलेला. दुपारची वेळ, आत कुणाची तरी तपासणी चाललेली. काकूंनी व्हॉल्व्ह बसवला होता आणि गुडघे दुखतात म्हणून टाकीच्या कपाटासमोर स्टुलावर टेकल्या होत्या. एरवी त्या काम झालं की निघायच्या. त्या दिवशी पाय निघत नव्हता. सगळं शांत होतं. आणि बघता बघता पंपाचा सूर चढला. काकूंनी मान वर केली. मागच्या कप्प्यात पाणी बोटभर वर सरकलं, दुसऱ्या पाइपात धार लागली. जवळ कुणी नव्हतं, कुणी कशाला हात लावला नव्हता. कपाटात पंपाची छोटी डबी होती, तिच्यावर जोराचा आकडा उजळायचा. काकांनी बघायलाच नको म्हटल्यापासून काकू तिकडे बघत नसत, पण त्या दिवशी सकाळी कपाट पुसताना तो नजरेस पडला होता. तो आकडा सकाळी होता तो नव्हता, वाढलेला होता.

काकूंना आधी हायसंच वाटलं. पंपच बिघडलाय! माझा हात नाही! आनंदाने त्यांनी काकांना फोन लावला. कुणाला लावणार दुसऱ्या?

“अहो, सापडलं! पंप आपोआप जोर बदलतोय. माझ्या डोळ्यांदेखत बदलला.”

मग काका म्हणाले, “छे गं. असा कसा बदलेल? तुला भास झाला असेल. परत बघ नीट.”

आणि काकूंनी परत बघितलं. फोन कानाला, नजर डबीवर. आकडा खाली आला. एक एक करत, कुणीतरी बोटाने सावकाश ओढल्यासारखा, सकाळच्या जागी येऊन थांबला. धार बंद झाली. पाइप गप्प झाला.

“झालं ना?” काका म्हणाले. “म्हटलं नव्हतं?”

काकूंनी फोन ठेवला. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, त्यांची सरकली नाही. जमीन होती तिथेच होती, आणि तेच सहन होईना. सगळं जिथल्या तिथे होतं. समोर टाकी, आत पिप् पिप्, आणि घरी चहा करून वाट बघणारा नवरा.

घरी पोचल्या तेव्हा कप खरंच तयार होता. काकूंनी चप्पल काढली नाही. “फोन द्या तुमचा.”

काकांनी दिला नाही, पण लपवलाही नाही. खाली बसले. “तुला आज ना उद्या कळणार होतं,” म्हणाले.

“का पण?”

“तू ऐकत नव्हतीस. किती वर्षं ‘बघू’ म्हणालीस? मी इथे भिंतींशी बोलतोय, आणि तू तिथे माशांशी. म्हटलं, तुझं तुलाच वाटू दे की आता थांबावं. भांडण नको, कटकट नको.”

“मला वाटलं मी वेडी झाले! कान तपासून आले मी! तेल चोळत होतात तुम्ही माझ्या बोटांना!”

“पाणी कधी सांडलं का?” काका जरा दुखावल्यासारखेच झाले. “एक थेंब तरी? मासा मेला? मी काळजी घेत होतो. तिसऱ्या पाइपापर्यंत कधी जाऊ दिलं नाही. तूच सांगितलं होतंस कुठवर चालतं ते.”

हे ऐकलं आणि काकूंनी पुढ्यातला चहाचा कप दूर सारला. पंपाचं त्यांनी एकवेळ गिळलं असतं. माणूस एकटा पडला, डोकं फिरलं, केलं. पण ते संध्याकाळचे चहा! तो काढून घेतलेला कागद! तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा नवरा आपलं ऐकतोय म्हणून आपण भरभरून बोलत होतो, आणि समोरचा माणूस मापं घेत होता. हा केसाने गळा कापणं नव्हे तर काय? आणि सुरी कुणी हातात दिली? आपणच, हौसेने, धार लावून.

“तुम्ही एकदा तरी म्हणायचंत,” काकू म्हणाल्या, “की मला करमत नाही, घरी राहा.”

“म्हटलं असतं तर राहिली असतीस?”

काकूंना खोटं बोलता येईना आणि खरंही सांगता येईना. त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. रागात त्यांनी मुलीला फोन लावला, निदान एक माणूस तरी आपल्या बाजूचं हवं म्हणून. सगळं सांगून झाल्यावर मुलगी हळूच म्हणाली, “आई, बाबा बोलले होते मला. मी नको म्हटलं होतं. पण मग वाटलं, तू थोडी विश्रांती घेशील तरी.” काकूंनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “पंपात दोष होता. आता काढते.” खरं काय ते सांगायचं तोंडावर आलं होतं. पण कसं सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्याने त्यांना खोटं पाडलं त्याच्यासाठी त्याच खोटं बोलल्या. डॉक्टर मनापासून खूश झाले. “मग जायचं रद्द ना? मी आत्ताच कंपनीला नाही म्हणून कळवतो.” काकूंनी मान डोलावली.

कपाट उघडून त्यांनी पंपाची फोनशी असलेली जोडणी काढून टाकली, डबीवरच्या बटणाने जोर ठरवला आणि व्हॉल्व्हला हात घातला. केसभर आवळला, थांबल्या. केसभर सैल केला, थांबल्या. मागच्या कप्प्यातलं पाणी हवं तिथे येऊन स्थिरावलं. टाकी गप्प झाली, अगदी पूर्वीसारखी. प्रवाळांची बोटं पाण्यात सावकाश हलत होती. आत पिप् पिप् सुरू झालं.

काकू उभ्याच राहिल्या. डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग काउंटरपाशी जाऊन रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, “आवाज येतोय का गं?”

“नाही काकू. काहीच नाही.”

“नीट ऐक.”

“ऐकलं काकू. खरंच नाही.”

काकू टाकीपाशी परत आल्या, पाइपाला कान लावला. काही नव्हतं. आवाज नाही हे त्यांच्या कानांना कळत होतं, पण कानांवर त्यांचा विश्वास बसेना. बाकावर एक म्हातारे गृहस्थ आपला नंबर यायची वाट बघत बसले होते, हातात जुनं कानाचं मशीन आणि त्याची संपलेली बॅटरी घेऊन. काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“आजोबा, तुम्हाला काही आवाज येतोय का हो?”

म्हाताऱ्याने कानामागे पंजा धरला. “काय म्हणालात?”

काकू जरा वाकल्या, मोठ्याने तेच परत विचारलं, आणि तो काय सांगतो याची वाट बघत तिथेच उभ्या राहिल्या.